आखाजी ते आखाजी, शिडाच्या बोटीवर!

फ्लॅट विकायचा, शिडाची बोट घ्यायची आणि जग फिरायचं... ऐकायला सॉलिड वाटतं ना? पण महिन्याचा खर्च किती? समुद्रापासून कित्येक कोस लांब, धुळ्याच्या एका घरात मांडलेला हा हिशेब.

आखाजीचा दिवस. धुळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे. कूलरसमोर आम्ही सगळे आडवे. पोटात मांडे आणि आमरस, त्यामुळे डोळे आपोआप मिटत होते. अंगणातल्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. अशा वेळी माझ्या चुलतभावानं, म्हणजे आमच्या दादानं, बॉम्ब टाकला.

"नाना, आम्ही पुण्याचा फ्लॅट विकतोय. शिडाची बोट घेणार आहोत. तिच्यावरच राहायचं, तिच्यावरच फिरायचं."

सन्नाटा! काकूच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. दादा आणि वहिनी दोघंही पुण्यात आयटीत. वय तिशीच्या मध्यावर, मूलबाळ नाही, ईएमआय आहे. गेली तीन वर्षं दोघं दर हिवाळ्यात मुंबईत सेलिंगचे धडे गिरवतात, हे आम्हाला माहीत होतं. पण आम्हाला वाटायचं, ट्रेकिंगसारखंच काहीतरी असेल. वीकेंडचा छंद!

दादानं लॅपटॉप उघडला. त्यात एक्सेल शीट. चौतीस फुटी जुनी बोट, किंमत पस्तीस हजार डॉलर. खाली निळ्या पाण्याचे फोटो. नाना एसटीच्या डेपोत अकाउंट्सला होते. उभी हयात डिझेल, टायर आणि स्पेअर पार्टच्या बिलांत गेलेली. त्यांनी चष्मा लावला, शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "महिनाले कितला लागस?"

दादा गप्प. बोटीची किंमत पाठ होती, रंग पाठ होता, पण महिन्याला किती लागतात, याचा रकानाच शीटमध्ये नव्हता.

"तू पेपरवाली ना? मग काढ हिशेब," नाना माझ्याकडे वळले. आता फ्रीलान्सरला महिन्याच्या बजेटबद्दल विचारणं म्हणजे उपाशी माणसाला पंगत वाढायला सांगणं! आमचे चेक कधी येतात ते आम्हालाच माहीत नसतं. पण नानांपुढे कोण बोलणार? मी जळगावला घरी आले आणि कामाला लागले. पुस्तकं चाळली, बोटींच्या जाहिराती पाहिल्या, समुद्रावर राहणाऱ्यांनी छापलेले खर्च तपासले. महिनाभरानं वही घेऊन पुन्हा धुळ्याला गेले. त्या वहीतलं हे सगळं. दादासाठी केलेलं, पण तुमच्याही डोक्यात असा किडा वळवळत असेल तर उपयोगी पडेल.

समुद्र आणि आपण?

"खान्देशी माणसाचा आणि समुद्राचा काय संबंध?" हा प्रश्न मलाही पडला होता. पण नकाशा बघा. आपली तापी उलटी, म्हणजे पश्चिमेला वाहते आणि सुरतजवळ समुद्राला मिळते. मुघल काळात सुरत बंदरातला माल बुऱ्हाणपूर, आग्र्याकडे जायचा, तो खान्देशातूनच. तेव्हा समुद्राकडे जाणारा रस्ता आपल्या दारातूनच गेलाय, आपणच विसरलोय.

आणि समुद्राचं स्वप्न बघायला किनाऱ्यावरच राहावं लागतं असंही नाही. भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहायचे कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत! त्यांच्या कल्पनेला नौदलानं 'सागर परिक्रमा' हे नाव दिलं आणि कमांडर दिलीप दोंदे या मराठी अधिकाऱ्यानं ती खरी केली. १९ ऑगस्ट २००९ ला ते 'म्हादेई' ही ५६ फुटी बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईतच परतले. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फक्त चार थांबे: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन.

दादाचा हिरो अर्थातच दोंदे. पण नानांनी लगेच बोट ठेवलं, "त्यांच्यामागे नौदल होतं. तुझ्यामागे कोण?" मुद्दा बरोबर होता. पण दोंद्यांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट पैशाचीच आहे. 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली आणि ती बांधली जात असताना दोंदे सुरुवातीपासून तिथे होते. बोटीत कुठली वायर कुठून जाते, हे त्यांना आतून माहीत होतं. भर समुद्रात मेकॅनिक येत नाही. आणि बंदरात येतो, तेव्हा तो तासावर पैसे लावतो. म्हणजे स्वतःला जमणारी प्रत्येक दुरुस्ती ही कमाईच!

बोट स्वस्त, बोट महाग

आता आकड्यांकडे वळू. सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरला. खालचे आकडे म्हणजे दादा-वहिनीसाठी आम्ही बांधलेला अंदाज आहे, दरपत्रक नव्हे. तुमची बोट, तुमचा समुद्र आणि तुमच्या सवयी बदलल्या की आकडे बदलणार.

पहिला प्रश्न, बोट घ्यायची कुठे? भारतात आणायची म्हटलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर ४० टक्के जीएसटी आहे आणि आयात शुल्क वेगळं. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने मुंबईच्या पाण्यात छोटी बोट ठेवण्यात अर्थ नसतो, ती बाहेर काढावी लागते. कोचीचं बोल्गाट्टी सोडलं तर बोट बांधून तिच्यावर राहता येईल अशी मरिना शोधावी लागते. म्हणून दादाची नजर मलेशियातल्या लंकावी बेटाकडे. ते ड्यूटी-फ्री आहे, जगभरचे दर्यावर्दी तिथे येऊन थांबतात आणि थकलेले तिथेच बोट विकून घरी जातात.

परदेशात पैसे पाठवायचे म्हणजे आणखी एक भानगड. एप्रिल २०२५ पासून एका माणसानं वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. साडेएकतीस लाख एकट्यानं पाठवले तर ४ लाख ३० हजार अडकणार, नवरा-बायकोनं निम्मे-निम्मे पाठवले तर दोघांचे मिळून २ लाख ३० हजार. नाना खूश! "बघ, हे तुझ्या शीटमधे नव्हतं."

मग मांडला सुरुवातीचा खर्च:

चौतीस फुटी जुनी फायबरची बोट : ३१.५ लाख
तज्ज्ञाकडून तपासणी, नोंदणी, कागदपत्रं : १.५ लाख
डागडुजी, शिडं, बॅटऱ्या, सोलर, नांगराची साखळी, लाइफ राफ्ट : ९ लाख
दोघांचं पुढचं प्रशिक्षण : २ लाख
परतीचा निधी : ६ लाख
एकूण : ५० लाख

"परतीचा निधी काय भानगड आहे?" वहिनीनं विचारलं. ते नंतर सांगते. आधी एसटीचा एक फंडा ऐका.

बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला. दादानं तोच धरून महिन्याला २६ हजार काढले. नाना म्हणाले, "चूक. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, टायरची किंमत उतरते का?" एकदम पटलं! तीस वर्षं जुनी बोट निम्म्याच्या निम्म्या भावात मिळते, पण तिचं नवं शीड नव्या बोटीच्याच भावात शिवून मिळतं. डोलकाठी ताठ ठेवणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात. बोटीच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून वर्षा-दोन वर्षांनी ती पाण्याबाहेर काढून खास रंग लावावा लागतो. खारं पाणी, ऊन आणि सतत हलणं, यापुढे कुठलीच वस्तू टिकत नाही. म्हणून आम्ही पंधरा टक्के धरले. महिन्याला ४० हजार!

आणि हो, 'जरा मोठी घेऊ' हा मोह इथे चालत नाही. टू-बीएचकेऐवजी थ्री-बीएचके घेतल्यासारखं ते नाही. बोटीची लांबी दुप्पट केली आणि बाकीचा आकार त्याच प्रमाणात वाढवला, तर वजन आठपटीच्या घरात जातं. म्हणजे शिडं मोठी, नांगर जड, इंजिन मोठं, रंग जास्त. मरिना तर भाडंच फुटावर लावते.

वारा फुकट, पण थांबणं?

आता महिन्याचा खर्च, दोन माणसांचा:

किराणा आणि भाजीपाला : २५,०००
बोटीची देखभाल : ४०,०००
बोटीचा विमा : ५,०००
दोघांचा परदेशात चालणारा आरोग्य विमा : १२,०००
व्हिसा, बंदराची फी, एजंट : १२,०००
डिझेल, पेट्रोल, गॅस : ६,०००
मरिनातल्या अधूनमधूनच्या रात्री : १०,०००
इंटरनेट आणि फोन : ६,०००
किनाऱ्यावरचं खाणं-फिरणं : १२,०००
वर्षातून एकदा घरी यायचं विमान : ७,०००
एकूण : १,३५,०००

म्हणजे दीड हजार डॉलर. परदेशी जोडपी सांगतात त्या मानानं हा काटकसरीचाच आकडा आहे. यादी पाहून नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वारा फुकट शे, कबूल. पन थांबाले कितला लागस?"

गंमत बघा. या यादीत प्रत्यक्ष प्रवासाचा खर्च अगदी थोडा आहे! सहा हजारांत डिझेल, पेट्रोल, गॅस सगळं आलं. शिडं वर असली की मीटर बंद. पैसे जातात ते जमिनीला टेकल्यावर. खाडीत नांगर टाकून राहिलात तर बहुतेक ठिकाणी भाडं नाही. त्याच बोटीला मरिनाच्या धक्क्याला बांधलंत की रात्रीचं भाडं चालू. उन्हाळ्यात युरोपच्या नावाजलेल्या मरिनांमध्ये एका रात्रीचे पन्नास ते शंभर युरो सहज मोजावे लागतात. शिवाय किनारा जवळ आला की हॉटेल आलं, टॅक्सी आली, 'जरा एसीत बसू' आलं. जो नांगरावर राहायला शिकला तो वाचला!

इंजिन मात्र जपून. अशा बोटीचं छोटं डिझेल इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं आणि त्या तासात जेमतेम नऊ किलोमीटर पुढे जातं. लिटरला तीन-चार किलोमीटर. नाना खो-खो हसले, "आमची लालपरी पन्नास माणसं घेऊन याच्यापेक्षा बरं ॲव्हरेज द्यायची!"

पासपोर्टचं भाडं

इंग्लिश पुस्तकांतली बजेटं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ती लिहिणाऱ्यांचे पासपोर्ट वेगळे असतात. आपल्या पासपोर्टवर काही दारं सहज उघडतात. मालदीवमध्ये व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो, फिजीत व्हिसाशिवाय १२० दिवस राहता येतं. पण युरोपच्या शेंगेन व्हिसाला जून २०२४ पासून माणशी ९० युरो पडतात आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यात विमानाने येणाऱ्याचे नियम आणि बोटीने येणाऱ्याचे नियम अनेकदा वेगळे. कित्येक बंदरांत एजंट नेमल्याशिवाय पान हलत नाही.

मोठे टोलनाकेही आहेतच. पनामा कालव्यातून छोटी बोट न्यायची तर सगळं मिळून दोन-तीन हजार डॉलर लागतात. म्हणजे आमच्या यादीतले दोन महिने एका कालव्यात गेले! सुएझचा जवळचा रस्ता घ्यावा, तर नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेकांनी ती वाट सोडली. मग आफ्रिकेला वळसा, म्हणजे आणखी महिने, आणखी किराणा. जग फिरायचं बजेट आणि एका समुद्रात फिरायचं बजेट ही दोन वेगळी बजेटं आहेत. दादा-वहिनीनं पहिल्या वर्षापुरतं मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया एवढंच धरलं, ते म्हणूनच.

काकूचा रकाना

किराण्याचे २५ हजार मी पुस्तकं बघून धरले होते. काकूनं ते ऐकून नाक मुरडलं, "फ्रिज बंद पडला तर काय खातील?" आणि मग सुरू झाली तिची यादी. बिबड्या, कुरडया, सांडगे, पापड. वाळवणाच्या मिरच्या. उडदाची डाळ, कळण्याचं पीठ. कांदे आणि लसूण. अहो, दर उन्हाळ्यात खान्देशातल्या गच्च्यांवर जे चालतं, ते दर्यावर्द्यांच्या शिध्याचंच तर काम आहे! बर्फाशिवाय, महिनोन्महिने टिकणारं, हलकं आणि पोटभरीचं. परदेशी पुस्तकांत डब्याबंद मांस आणि बीन्सची पानंच्या पानं असतात. आपल्याकडे बिबड्याची पिशवी आहे. फक्त दमट हवेत सगळं हवाबंद डब्यात हवं, नाहीतर बुरशी. आणि ते घरातून नेताना त्या देशाच्या कस्टम्सचे खाण्याच्या वस्तूंचे नियम आधी बघा, नाहीतर काकूची मेहनत विमानतळावरच्या कचऱ्यात!

पाण्याचंही तसंच. अशा बोटीची टाकी दोन-अडीचशे लिटरची असते. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज पाच लिटर. म्हणजे दोघांना वीस दिवस. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा. वहिनी पुण्याची, तिला हे साहस वाटतं. आम्ही मात्र लहानपणी चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरांत वाढलो. तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय आणि उरलेलं तुळशीला! समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र काही लाखांना येतं. ते यादीतून सर्वांत आधी कटाप झालं.

जमिनीवरचं कोण बघणार?

इथवर सगळे मजेत होते. मग मी वहीचं शेवटचं पान उलटलं. त्यावर बोट नव्हती, नाना-काकू होते.

त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दादा भरतो, महिन्याला सहा हजार पडतो. तो बोटीवर गेल्यानं थांबणार नाही. म्हणजे महिना १ लाख ४१ हजार. आता फ्लॅट विकून, कर्ज फेडून हातात ७० लाख येतील असं धरा. टॅक्सचं सध्या सोडा. म्युच्युअल फंडात १८ लाख आहेत. एकूण ८८. बोटीचे ५० वजा. उरले ३८ लाख. भागिले १ लाख ४१ हजार.

सत्तावीस महिने.

दादानं स्वतः मोबाइलवर भागाकार करून बघितला. दोनदा. ज्याला तो 'आता हेच आयुष्य' म्हणत होता, ते सव्वादोन वर्षांत संपत होतं. त्यानंतर घर नाही, नोकरीत अडीच वर्षांची गॅप आणि हातात एक जुनी बोट, जी विकायला कधीकधी वर्ष लागतं. वहिनीचे डोळे भरून आले. मला त्या वहीचा राग आला, खरं सांगते. एका आकड्यानं एखाद्याचं तीन वर्षांचं स्वप्न मोडावं आणि तो आकडा आपण आणलेला असावा, हे काही बरं वाटत नाही.

ज्यांनी कर्जावर शिडं चढवली

तेव्हा मी त्यांना १९६८ ची गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये त्या वर्षी गोल्डन ग्लोब नावाची शर्यत झाली. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा! नऊ जण निघाले.

त्यातला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा मर्चंट नेव्हीतला अधिकारी. त्याला मोठी, पोलादी, नवी बोट बांधायची होती, पण पैसे उभे राहिले नाहीत. मग होती तीच बोट घेऊन तो निघाला. तिचं नाव 'सुहेली'. लांबी बत्तीस फूट, सागवानी, आणि बांधलेली कुठे, तर आपल्या मुंबईत! दुसरा होता डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्याची बोट नवीकोरी, तीन सांगाड्यांची, वेगवान. पण तिच्यासाठी त्यानं घर आणि धंदा गहाण टाकला होता. शर्यत सोडली तर दिवाळं. बोट समुद्राच्या लायकीची नाही हे वाटेतच कळलं, पण परतायला पैशानं जागाच ठेवली नव्हती. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला त्याची बोट सापडली. रिकामी.

नऊपैकी एकच बोट शर्यत पूर्ण करू शकली. 'सुहेली'! आणि नॉक्स-जॉन्स्टननं जिंकलेले पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

म्हणून यादीत तो रकाना, 'परतीचा निधी', सहा लाख. दोन विमान तिकिटं, तीन महिन्यांचं घरभाडं, नोकरी शोधण्यापुरता श्वास. ती रक्कम बोटीच्या नव्या शिडाला लावायची नाही, बॅटरीला नाही, कशालाच नाही. वादळात बोट कशी वळवायची हे शाळेत शिकवतात. पैशाअभावी वळता येत नसेल तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही.

नानांची सालदारी

सगळे गप्प झाल्यावर नानांनी माझी वही ओढून घेतली. पाठकोऱ्या पानावर त्यांनी दुसरा हिशेब मांडला.

फ्लॅट विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा. भाडं ३० हजार. त्यातून २२ हजारांचा ईएमआय आणि पाच हजारांचा मेंटेनन्स-टॅक्स. उरलेले तीन हजार आणि वर आणखी तीन घालून नाना-काकूंचा हप्ता. घर आपलं आपण सांभाळतंय! बोट चौतीस नाही, अठ्ठावीस फुटी. किंमत १४ हजार डॉलर, म्हणजे १२ लाख ६० हजार. तपासणी १ लाख, डागडुजी ४ लाख ४० हजार, प्रशिक्षण २ लाख, परतीचा निधी तेच ६ लाख. एकूण २६ लाख. लहान बोटीमुळे देखभाल २५ हजारांवर आली, विमा तीनवर, इंधन चारवर, मरिना सहावर, किनाऱ्यावरची चैन आठवर. बाकीचे रकाने तेच. महिना १ लाख ८ हजार, वर्षाचे १३ लाख.

२६ आणि १३, एकोणचाळीस लाख. हातात आहेत अठरा. उरलेले एकवीस?

"दोघं मिळून महिन्याला नव्वद हजार मागे टाका. दोन वर्षांत होतात," नाना म्हणाले. "तेवढी दोन वर्षं पुण्यात राहूनच बोटीच्या बजेटवर जगून बघा. जमलं तर समुद्रावरही जमेल."

मग त्यांनी पेन बंद केला. खान्देशातल्या शेतीत सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो. पटलं तर पुढचं साल, नाही तर रामराम. कुणाचं कुणाला ओझं नाही. नाना दादाला म्हणाले, "आखाजी ते आखाजी. एक साल करी देख."

वर्षाअखेर बोट विकून आठ लाख जरी आले आणि परतीचे सहा तसेच राहिले, तरी त्या सालाचा खरा खर्च २५ लाख. दोन माणसांचं एक वर्ष. महाग आहे? आहेच. पण लग्नाच्या हॉलमध्ये एका रात्रीत एवढे उडवणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. निदान यात घर शाबूत राहतं.

दादाला हे लगेच पटलं असं समजू नका. तो त्या रात्री गच्चीवर एकटाच बसला होता. दोन वर्षं थांबायचं आणि तेही अठ्ठावीस फुटांसाठी! उभं राहिलं तर डोकं छताला टेकेल, असं पुटपुटत होता. सकाळी उठून बघते तर वहिनी त्याच्या लॅपटॉपवर बसलेली. एक्सेलमध्ये तिनं नवा रकाना घातला होता. पहिलाच. बोटीच्या किमतीच्याही वर. 'परतीचा निधी.' त्याच्यासमोर आकडा होता पंधरा हजार. त्या महिन्याचा पहिला हप्ता.

काकूनं आतून विचारलं, "बिबड्या किती किलो करू?"

नाना म्हणाले, "अजून दोन आखाज्या आहेत. आतापासून कशाला?"

"नमुना म्हणून," काकू म्हणाली. "दमट हवेत टिकतात का, ते बघायला नको?"